पाळी चुकायच्या आधीची शुगर – टाइप १, एवनसी ९.१, कुणाला अनुभव आहे का?

साखरफुटाणा | ९ जून २०२४, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या. विषय खाजगी आहे म्हणून नवीन आयडी काढलाय.

वय २८, टाइप १ डायबेटिस, सोळाव्या वर्षापासून, दिवसाला चार वेळा इन्शुलिन. लग्नाला दोन वर्षं झाली. नवऱ्याला आणि सासऱ्यांना लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं, सासूबाईंना मी सांगतो असं सासरे म्हणाले आणि ते अजून सांगतायत. त्यामुळे सांगलीला गेलो की माझी इन्शुलिनची पेनं फ्रिजमध्ये पेढ्यांच्या रिकाम्या बॉक्समध्ये, इडलीच्या पिठाच्या मागे. हसू नका.

तर आता घरून "कधी?" सुरू झालंय आणि खरं सांगायचं तर आम्हालाही हवंय. मागच्या महिन्यात एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी) केली, ९.१ आली. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले प्रयत्न चालू करा, राहिलं की मग शुगर टाइट करू. माझी एक मैत्रीण फिजिओ आहे ती म्हणते अजिबात नको, आधी शुगर खाली आण, नाहीतर बाळात व्यंग यायचा धोका असतो. मग मी रात्री दोनपर्यंत नेटवर वाचत बसले आणि झोपच उडाली. नक्की कोणाचं बरोबर? आणि किती महिने लागतात खाली यायला? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा.

मिरचीठेचा | १० जून, सकाळी ७:१५

आधी एक कर, मूल राहू नये म्हणून जे काही वापरताय ते बंद करू नका अजून. बाकीचं जाणकार सांगतीलच. पेढ्यांच्या बॉक्सबद्दल मात्र माफ कर, हसले.

डॉ_खडूस | १० जून, दुपारी २:३०

मैत्रीण बरोबर. तुमच्या डॉक्टरांबद्दल बोलत नाही, पण "राहिलं की मग टाइट करू" हे म्हणजे स्लॅब पडल्यावर सळ्या मोजण्यासारखं आहे.

हिशोब करून बघा. पाळी चुकते, चार-पाच दिवस प्रवासामुळे असेल, दगदगीमुळे असेल म्हणून जातात, मग किट आणता, दोन रेघा येतात, मग आनंद, मग घरी सांगणं, मग डॉक्टरची अपॉइंटमेंट. तोवर शेवटच्या पाळीपासून धरले तर सहा-सात आठवडे झालेले असतात. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून बनतो ती गर्भ राहिल्यापासून २८व्या दिवसापर्यंत मिटते. म्हणजे पाळी चुकल्यावर दोन आठवड्यांत विषय संपला, मिटली तर मिटली. हृदय त्याच्याही आधी, गर्भ राहिल्यापासून तिसरा-चौथा आठवडा, धडधडायला लागलेलं असतं आणि त्याचे कप्पे, झडपा, बाहेर जाणाऱ्या मोठ्या नळ्या हे सगळं पुढच्या तीन-चार आठवड्यांत घडतं. शेवटच्या पाळीपासून दहा आठवडे पूर्ण होईतो जवळपास सगळ्या अवयवांचा आराखडा तयार. त्यानंतर शुगर कितीही छान आणली तरी तो आराखडा बदलत नाही. बाळाचं वजन, शेवटच्या महिन्यांतले प्रॉब्लेम, यांवर फरक पडतो, ते वेगळं.

आईची साखर वारेतून बाळाकडे सरळ जाते, आईचं इन्शुलिन जात नाही. आणि त्या पहिल्या आठवड्यांत बाळाचं स्वतःचं इन्शुलिन बनतही नसतं. तुमच्या रक्तात २५० असेल तर त्या तांदळाएवढ्या जिवाला त्याच पाकात राहायचंय.

आकडे हवे असतील तर: कुठल्याही बाईच्या बाळात मोठं व्यंग निघण्याची शक्यता शंभरात दोन ते तीन. आधीपासून डायबेटिस असेल तर सगळ्यांची सरासरी धरून ती दोन ते चार पट. एवनसी १० च्या वर असताना राहिलं तर चार-पाचांत एक. आणि ६.५ च्या आत आणून राहिलं तर जवळजवळ बाकीच्यांसारखीच. म्हणून टार्गेट ६.५ च्या खाली, पण वारंवार हायपो (शुगर एकदम फार खाली जाणं) न होता. ९.१ म्हणजे तुमची सरासरी शुगर साधारण २१४-२१५ आहे, ६.५ म्हणजे १४०. एवनसी हा मागच्या दोन-तीन महिन्यांचा ताळेबंद असतो, त्यामुळे आज सुधारलं तरी रिपोर्टात दिसायला तीन महिने जाणार. सहा ते नऊ महिने हातात धरा, घाई नको.

भोपळ्याचं_फूल | १० जून, रात्री १०:०२

मी लिहू की नको असं दिवसभर चाललं होतं, शेवटी लिहितेय.

मला डायबेटिस आहे हेच मला माहीत नव्हतं. २०१७. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते ते) होतं, वजन जास्त होतं, आईला शुगर होती, तरी कुणी माझी शुगर तपासली नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही, वय ३० फक्त. तेराव्या आठवड्यात सोनोग्राफी. त्या मॅडम आधी बोलत होत्या, ऊन किती आहे वगैरे, आणि मग बोलायच्या थांबल्या. प्रोब एकाच जागी फिरवत राहिल्या. मला वाटलं मशीन अडकलं. मग नवऱ्याला आत बोलावलं. बाळाच्या डोक्याची कवटीच बनली नव्हती. हातपाय हलत होते, मी स्क्रीनवर बघितले होते दोन मिनिटांपूर्वी.

त्या दिवशी शुगर बघितली ३१२, एवनसी ११.४.

पुढचं लिहित नाही. दीड महिन्याने एका एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे (हार्मोन आणि डायबेटिसचे डॉक्टर) गेलो, त्यांनी शुगरची मेटफॉर्मिन गोळी आणि इन्शुलिन दोन्ही चालू केलं, फोलिक अॅसिड ५ मिलीग्रॅमची गोळी सुरू केली आणि सांगितलं की मी हो म्हणेपर्यंत राहू द्यायचं नाही, कॉपर टी बसवून घ्या. आठ महिने लागले ६.३ ला यायला. मुलगी आता पहिलीत आहे, कालच शाळेची नवीन वॉटरबॅग हरवून आली.

साखरफुटाणा, तुला घाबरवायला नाही लिहिलं हे. तुला आधी कळलंय, एवढंच.

साखरफुटाणा | १० जून, रात्री १०:४०

ताई, काय बोलू कळत नाहीये. थँक्यू लिहिल्याबद्दल.

ठणठणीत_आजोबा | ११ जून, सकाळी ६:०५

एवढे इन्शुलिन टोचून घेण्यापेक्षा रोज अनशापोटी कारल्याचा रस, मेथीदाणे भिजवून आणि जांभळाच्या बियांची पूड घ्यावी. आमच्या शेजारच्या गृहस्थांची शुगर तीन महिन्यांत नॉर्मल झाली. गोळ्या बंद. निसर्गात सर्व आहे.

डॉ_खडूस | ११ जून, दुपारी १:१०

आजोबा, कारल्याची भाजी जरूर खा, मलाही आवडते, गूळ न घालता. पण टाइप १ मध्ये शरीरात इन्शुलिन बनतच नाही. रस पिऊन इन्शुलिन थांबवलं तर दोन-तीन दिवसांत ती मुलगी आयसीयूत असेल. हे मी टाइप करायला एक मिनिट लागतं आणि अॅडमिट झालेल्याला सावरायला आठवडा.

चहाबाज | ११ जून, संध्याकाळी ६:४५

उगाच एवढं घाबरवू नका हो तिला. माझ्या बायकोची पहिल्या वेळी ९.५ होती, कुणी काही सांगितलं नाही, मुलगा एकदम ठणठणीत, आठवीत आहे, फुटबॉल खेळतो. नशिबाचा भाग असतो.

मिरचीठेचा | ११ जून, संध्याकाळी ७:२०

चांगलंच झालं की. पण अगदी चार-पाचांत एकाला धोका धरला तरी उरलेल्या तीन-चारांचं छानच होणार, आणि तेच लोक इथे येऊन छान झालं म्हणून लिहिणार. ज्यांचं नाही झालं त्या किती जणी लिहितात? वर एकीनं लिहिलंय, परत वाच.

चहाबाज | ११ जून, संध्याकाळी ७:३४

मान्य. ती पोस्ट आधी वाचली नव्हती. सॉरी.

टेम्सकाठी | १२ जून, पहाटे ३:१०

मी टाइप १, इंग्लंडमध्ये, दोन मुलं. इथे एवनसी वेगळ्या एककात सांगतात, ४८ च्या खाली म्हणजे आपलं ६.५. पहिल्यांदा नर्सने "यू आर सेव्हंटी सिक्स" म्हटलं तर मला कळेचना वय सांगतेय की वजन. ८६ च्या वर म्हणजे आपल्या १० च्या वर असेल तर इथे स्पष्ट सांगतात, आत्ता राहू देऊ नका. फोलिक अॅसिड दुकानात सहज मिळतं ते ४०० मायक्रोग्रॅमचं, डायबेटिसवाल्यांना ५ मिलीग्रॅम लागतं आणि त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते. प्रयत्न सुरू करायच्या आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत. आणि सगळं फुकट असूनही इथे बहुतेक बायका तयारी न करताच राहतात बरं का, मी पण पहिल्या वेळी त्यातलीच, नशिबाने वाचले. दुसऱ्या वेळी अंगावर शुगर मोजणारा सेन्सर लावून सात महिने घासली शुगर.

डॉ_खडूस | १२ जून, रात्री ९:५०

टेम्सकाठींनी विषय काढलाच आहे तर थोडा इतिहास, कारण हे काल शोधलेलं नाही. पूर्व जर्मनीत कार्ल्सबुर्गला डायबेटिसची मोठी संस्था होती. तिथल्या डॉक्टरांनी १९८३ मध्ये छापलं: ज्या २९२ बायकांची शुगर आठव्या आठवड्यानंतर कडक केली त्यांच्यात २२ बाळांना व्यंग, ज्या १२८ जणींनी राहायच्या आधीपासून आटोक्यात आणली होती त्यांच्यात एक. एक! मग एडिंबरोला डॉक्टर ज्युडिथ स्टील यांनी गर्भधारणेआधीचं क्लिनिक चालवलं, त्यांचा हिशोब १९९० ला आला, क्लिनिकला आलेल्या १४३ मध्ये दोन, न आलेल्या ९६ मध्ये दहा. आता कुणी म्हणेल की क्लिनिकला येणाऱ्या बायका मुळात काळजी घेणाऱ्या असतात, शिकलेल्या असतात, सिगरेट ओढत नाहीत. खरं आहे, थोडा फरक त्याचाही असणार. पण एवनसीच्या पायऱ्यांप्रमाणे धोका वर चढतो हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलंय, त्यामुळे शंका उरत नाही.

साखरफुटाणा, तुमच्यासाठी. सेकंड ओपिनियन घ्या, एंडोक्रिनॉलॉजिस्ट किंवा टाइप १ नियमित बघणारा फिजिशियन. बीपीची किंवा किडनीसाठी म्हणून दिलेली रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांतली गोळी चालू असेल, कोलेस्टेरॉलची अॅटोरव्हास्टॅटिन असेल, तर ते आधी सांगा, बदलावी लागते. मनाने बंद करू नका, विचारून. किडनीसाठी लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन, शिवाय थायरॉइड, हे तपासून घ्या. आणि डोळ्यांचा पडदा, हा सगळ्यात जास्त विसरला जातो. बारा वर्षं डायबेटिस आहे, पडद्यावर बदल असतील आणि शुगर एकदम धाडकन खाली आणली तर ते आधी वाढू शकतात. म्हणून डोळे बघून मग वेग ठरवायचा. घरच्या मीटरवर सध्या जेवणाआधी ७० ते १२५ च्या मध्ये आणायचा प्रयत्न.

नागपुरी_सांबारवडी | १३ जून, सकाळी ११:२५

एक गोष्ट कुनीच नाही बोलली. आमच्या विदर्भात, गडचिरोलीकडं, सिकलसेल (रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) किती आहे माहीत आहे ना, नंदुरबारकडं पण. माझ्या बहिणीला सिकलसेल ट्रेट आहे, म्हणजे ती नुसती वाहक, तिची एवनसी ६.२ दाखवत होती आणि मीटरवर रोज जेवल्यावर २००-२२०. लॅबवाल्याला इचारलं तर म्हणे मीटर बिघडलं असन. दुसरं मीटर आणलं, तेच. शेवटी डॉक्टर म्हणाले हिच्यासाठी एवनसीवर भरवसा ठेवायचाच नाही, मीटर किंवा सेन्सरवर चला. त्या ६.२ वर खूश होऊन बसली असती तर?

डॉ_खडूस | १३ जून, दुपारी १:४५

फार महत्त्वाचं. उलटंही होतं. लोह कमी असलेला अॅनिमिया असेल, जो आपल्याकडे घरटी एकीला असतो, तर एवनसी खोटी वर दिसू शकते. आधी हिमोग्लोबिन बघा.

वरणभात_तूप | १३ जून, रात्री ८:३०

माझा एक बावळट प्रश्न. मला सातव्या महिन्यात शुगर निघाली होती, ते ग्लुकोजचं पाणी पाजून टेस्ट करतात त्यात. तेव्हा मी खूप रडले होते की बाळात काही व्यंग असेल. मुलगा बरा आहे. पण मग माझ्या बाबतीत हा धोका नव्हता का?

डॉ_खडूस | १३ जून, रात्री ९:१५

बावळट नाही. गरोदरपणात सहाव्या-सातव्या महिन्यात जी शुगर चढते तोवर अवयव बनून झालेले असतात, त्यामुळे व्यंगाचा हा धोका तिथे सहसा नसतो, तिथे बाळ मोठं होणं, जन्मल्यावर बाळाची साखर पडणं हे प्रश्न. पण दोन गोष्टी. आपल्याकडे बऱ्याच जणींना आधीपासूनच टाइप २ असतो आणि तो पहिल्यांदा गरोदरपणातच तपासला जातो, वर भोपळ्याचं फूल यांचं तेच झालं. आणि तुम्हाला एकदा झालंय तर पुढे टाइप २ व्हायची शक्यता बरीच, म्हणून दुसऱ्याचा विचार करायच्या आधी शुगर तपासून घ्या. आधी. राहिल्यावर नाही.

शेंगदाण्याची_चटणी | १४ जून, दुपारी १२:००

फोलिक अॅसिडसोबत बी१२ पण बघा. आम्ही शुद्ध शाकाहारी, माझं बी१२ जमिनीत गेलेलं निघालं होतं. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डायबेटिस युनिटमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आयांचा नव्वदच्या दशकापासून अभ्यास केलाय. त्यात दिसलं की आईत फोलेट भरपूर पण बी१२ कमी असं असेल तर मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्यात इन्शुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त. हे व्यंगाबद्दल नाही, पण आहे ना संबंध. आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी१२ अजून कमी होतं, त्यांनी तर बघाच.

कुल्फीवाला | १४ जून, रात्री ११:१०

पुरुषाने लिहिलेलं चालेल ना? टाइप १ मला आहे, बायकोला नाही. आम्हाला पण एवनसी ६.५ करायची का आधी?

डॉ_खडूस | १५ जून, सकाळी १०:२०

चालेल की. तुमची साखर बाळापर्यंत पोचत नाही, त्यामुळे हा हिशोब तुम्हाला लागू नाही. तुमची शुगर तुमच्यासाठी सांभाळा. गंमत अशी की मुलाला पुढे टाइप १ होण्याची शक्यता आईला असेल त्यापेक्षा बापाला असेल तर थोडी जास्त असते. पण दोन्हीकडे कमीच.

साखरफुटाणा | १७ जुलै २०२४, रात्री ९:३५

अपडेट. नवीन डॉक्टर मिळाल्या. पहिल्याच भेटीत पाऊण तास. डोळे तपासले, ते थेंब घालून बाहुल्या मोठ्या करतात ना, मी शहाणी एकटी स्कूटरवर गेले होते आणि परत यायला काही दिसेना, शेवटी नवऱ्याला बोलावलं, तो रिक्षाने आला आणि स्कूटरवर मला मागे बसवून नेलं. पडद्यावर अगदी सुरुवातीचे बदल आहेत, म्हणून बाई म्हणाल्या हळूहळू खाली आणू, महिन्याला थोडं थोडं, आणि तीन महिन्यांनी परत डोळे. फोलिक अॅसिड चालू, ती पिवळी बारीक गोळी. कॉपर टी घेतली, डायबेटिसला चालते म्हणाल्या.

शुगर मी कालनिर्णयच्या चौकोनात लिहिते. सकाळची वरती डावीकडे, जेवणानंतरच्या खाली. पहिल्या आठवड्यात नुसतं कळलं की मी वर्षानुवर्षं अंदाजाने इन्शुलिन मारत होते. दोन पोळ्या समजून ज्या खायचे त्या वजन केल्यावर तीन निघाल्या. ऑफिसच्या डब्यातल्या भाताला मी "थोडासा" म्हणायचे.

आणि आज आषाढी. सासूबाई इथे आल्यात. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, बटाटा, वरून दही. मी नेहमीचं इन्शुलिन घेऊन एक वाटी खाल्ली, एकच. दोन तासांनी बाथरूममध्ये जाऊन बघितली. २८७. चौकोनात पेनाने लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात "विठ्ठल विठ्ठल" लिहिलं.

मिरचीठेचा | १७ जुलै, रात्री ९:५०

साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च गं. वरईचा भात पण काही साधुसंत नाही. उपास करायचाच असेल तर राजगिरा-दाणे-ताक बघ, आणि टाइप १ ला उपास आधी डॉक्टरला विचारून.

साखरफुटाणा | २२ सप्टेंबर २०२४, रात्री १०:१५

७.६!!

पण फुकट नाही मिळाली. ऑगस्टमध्ये रात्री दोनला नवऱ्याने उठवलं, मी घामाने चिंब आणि त्याला म्हणे भाडेकरूंना चावी द्या असं काहीतरी बडबडत होते. शुगर ५४. त्याने तीन चमचे साखर पाण्यातून पाजली, पंधरा मिनिटांनी ६८, परत दोन चमचे. रात्रीचं इन्शुलिन कमी केलंय. आता चौदा दिवसांचा सेन्सर दंडावर लावते, खर्च भरपूर, पण ऐन झोपेत शुगर पडली की फोन केकाटतो. मीटरच्या पट्ट्या पण वीसेक रुपयाला एक आणि मी दिवसाला सात-आठ मारायचे, तो खर्च वाचला असं मनाला सांगते.

आणि सेन्सरमुळेच फुटलं. गणपतीत सांगलीला स्लीव्हलेस ब्लाउज, दंडावर पांढरी चकती, सासूबाई म्हणाल्या हे काय लावलंय. मी सासऱ्यांकडे बघितलं, सासरे मोदकाकडे. मग सांगितलं सगळं तिथेच, बारा वर्षांचं. त्या दहा मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या म्हणून तू दर वेळी पेढ्यांचा बॉक्स आणतेस आणि एकही पेढा देत नाहीस.

भोपळ्याचं_फूल | २२ सप्टेंबर, रात्री १०:३०

😂😂 अगं! आणि ७.६ साठी शाब्बास. हायपोला भ्यायचं पण थांबायचं नाही. पुढे राहिल्यावर पहिल्या तीन-चार महिन्यांत हायपो अजून जास्त होतात, मला व्हायचे, उशीखाली ग्लुकोजची पुडी ठेवायचे.

टेम्सकाठी | २३ सप्टेंबर, पहाटे २:४०

सासूबाई जबरदस्त आहेत.

पुन्हा_पाऊस | ८ नोव्हेंबर २०२४, दुपारी ३:३०

धागा आत्ता वाचला, मध्येच घुसते. मला टाइप २, वय ३३, शुगरची डापाग्लिफ्लोझिन गोळी आणि वजनासाठी आठवड्याचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन चालू आहे. एवनसी ६.१. म्हणजे मी तर तयारच ना?

डॉ_खडूस | ८ नोव्हेंबर, रात्री १०:०५

आकडा तयार, औषधं नाहीत. ही दोन्ही गरोदरपणात चालत नाहीत. सेमाग्लुटाइड शरीरात बरेच दिवस रेंगाळतं म्हणून प्रयत्नांच्या निदान दोन महिने आधी थांबवतात. मग मेटफॉर्मिन, लागलं तर इन्शुलिन, आणि त्यांवर ६.१ टिकते का ते बघायचं. तोवर राहू देऊ नका. आणि एक सावधगिरी, वजन उतरलं किंवा पीसीओएसमध्ये मेटफॉर्मिन सुरू झालं की बंद पडलेली पाळी नियमित होते आणि "मला काय राहणार" म्हणणाऱ्या बायकांना अचानक राहतं. दर वर्षी दोन-तीन तरी येतात माझ्याकडे, चेहरे बघण्यासारखे असतात.

पुन्हा_पाऊस | ८ नोव्हेंबर, रात्री १०:१२

बापरे. उद्याच फोन करते.

काळा_चष्मा | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:००

सगळं पटतं पण एक टोचतंय. म्हणजे शेवटी बाळात काही निघालं तर परत आईचाच दोष? तिने साखर सांभाळली नाही म्हणून? घरचे तर टपलेलेच असतात.

भोपळ्याचं_फूल | ९ नोव्हेंबर, दुपारी १२:४५

मला त्या वेळी आत्येसासूंनी विचारलं होतं, गोड फार खायचीस का गं. मी गोड खातच नाही. मला कुणी बोटाला टोचून एक थेंब काढून बघितला असता तर कळलं असतं, लग्नानंतर तीन वर्षांत मी पाळीसाठी चार डॉक्टर बदलले, त्यातल्या एकानेही नाही बघितला. दोष कुणाचा ते तुम्हीच ठरवा. आणि सगळं नीट करूनही शंभरात दोन-तीन बाळांना निघतंच, तेव्हा कुणाला धरणार.

साखरफुटाणा | ३० मार्च २०२५, सकाळी ८:२०

गुढीपाडव्याच्या शुभेच्छा. डिसेंबरला ६.९ आली होती आणि जानेवारीत सर्दी-तापाने सगळं बिघडवलं, दोन आठवडे २०० च्या खाली येईना, मी वैतागून सेन्सर काढून फेकणार होते. पण परवा ६.४. डोळे स्थिर आहेत, लघवी स्वच्छ. बाई म्हणाल्या आता माझी ना नाही. पुढच्या आठवड्यात कॉपर टी काढायची.

नऊ महिने लागले, चक्क नऊ. नवरा म्हणतो एक बाळंतपण झालं तुझं.

डॉ_खडूस | ३० मार्च, दुपारी १:००

अभिनंदन. फोलिक अॅसिड चालू ठेवा. पाळी एक दिवस चुकली तरी किट, आणि त्याच दिवशी फोन. आठवडाभर वाट बघायची नाही.

साखरफुटाणा | १९ सप्टेंबर २०२५, रात्री ११:०५

सांगितलं नाही कुणाला अजून, तुम्हालाच आधी सांगते. बावीसावा आठवडा. राहिलं तेव्हा एवनसी ६.३ होती. बाराव्या आठवड्याचा एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात ती सोनोग्राफी) नॉर्मल, विसाव्यातला मोठा स्कॅन नॉर्मल, आणि आज बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी झाली, फीटल एको, डायबेटिस असेल तर करतातच म्हणे. त्या मॅडम पण आधी बोलत होत्या आणि मग एकदम गप्प झाल्या आणि मला भोपळ्याचं फूल ताई आठवल्या, माझे हात गार पडले. मॅडम गप्प होत्या कारण मोजत होत्या. एक-दोन-तीन-चार, चार कप्पे, म्हणाल्या, आणि दोन्ही नळ्या बरोबर जागी, क्रॉस होतायत बघा. मला स्क्रीनवर काही कळलं नाही, नुसतं लुकलुक दिसलं.

इन्शुलिन दुप्पट झालंय आणि अजून वाढणार म्हणतात. सासूबाई डोहाळेजेवणाला साखरेऐवजी काय चालेल ते शोधतायत, मी म्हटलं चाट ठेवा.

भोपळ्याचं_फूल | १९ सप्टेंबर, रात्री ११:०९

🙏 रडतेय मी इकडे वेड्यासारखी.

ठणठणीत_आजोबा | २० सप्टेंबर, सकाळी ६:००

अनेक आशीर्वाद. कारल्याचा आग्रह मागे घेतो.

नवी_वाचक | २१ सप्टेंबर, दुपारी ४:१८

नमस्कार, धागा वर काढला गेला म्हणून दिसला. मी टाइप १, औरंगाबाद म्हणजे आता संभाजीनगर, एवनसी ८.८, जानेवारीत लग्न आहे. होणाऱ्या नवऱ्याला माहीत आहे, बाकी कुणाला नाही. साखरफुटाणा ताई, तुमच्या डॉक्टरांबद्दल विचारायचं होतं, निरोप पाठवू का?

साखरफुटाणा | २१ सप्टेंबर, दुपारी ४:४०

पाठव गं. आणि सासूबाईंना लग्नाआधी सांग, पेढ्यांचे बॉक्स फार महाग झालेत.